ज्यांचं मूल या शाळेत नाही

यंदाच्या वार्षिक जेवणाला आमच्या शाळेनं चार जणांचा सत्कार केला आणि त्या चौघांपैकी एकाचंही मूल या शाळेत शिकत नाही, आधी कधी शिकलेलं नाही, पुढेही शिकणार नाही, कारण काहींची मुलं कधीच मोठी होऊन बाहेर पडलीयत आणि काहींना मुलंच नाहीत. "आमची शाळा" म्हणतेय खरी, पण माझंही कुणी तिथे नाही. शनिवारी सकाळी अकरावीच्या मुलांना गणितात मदत करायला जाते, तेवढंच नातं. बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागातली ही एक पब्लिक चार्टर हायस्कूल आहे. नाव लिहीत नाही, मुलं लहान आहेत, त्यांच्या घरच्या गोष्टी नाजूक आहेत, आणि मला जे सांगायचंय त्याला नावाची गरज पण नाही.

आईला फोनवर सांगितलं की सत्कार समारंभाला जाऊन आले तर तिचा पहिला प्रश्न, "म्हणजे देणगीदारांचा का?" तसं नाही गं, असं म्हणून समजावायला लागले आणि लक्षात आलं की हे नीट लिहूनच काढायला हवं, कारण आपल्याकडे अमेरिकेतल्या शाळा म्हटलं की दोनच चित्रं असतात, एक फुकटची सरकारी आणि एक महागडी प्रायव्हेट, आणि चार्टर शाळा या दोन्हीत बसत नाही.

तर थोडक्यात. चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते, फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर लॉटरी काढतात, भावंडांना आणि त्याच शहरातल्या मुलांना प्राधान्य, बाकी सगळं नशिबावर. फरक असा की ही शाळा शहराच्या शिक्षण खात्याच्या हाताखाली नसते. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याचं शिक्षण मंडळ तिला पाच वर्षांचा परवाना देतं, शाळा कशी चालवणार, काय शिकवणार हे आधी लिहून द्यायचं आणि पाच वर्षांनी राज्याची माणसं येऊन बघतात की लिहिलं तसं केलंत का, मुलं शिकली का, हिशेब धड आहेत का. नाही पटलं तर परवाना जातो, शाळा बंद. असं खरंच झालंय, बॉस्टनमध्येच झालंय. म्हणजे दर पाच वर्षांनी अख्ख्या शाळेचीच बोर्डाची परीक्षा असते आणि त्यात नापास झाली तर ऑक्टोबरची संधी नाही.

ही कल्पना आली कुठून तेही मजेशीर आहे. रे बडी नावाचे एक प्राध्यापक आमच्याच राज्यात, अॅमहर्स्टला शिकवायचे, १९८८ मध्ये त्यांनी मांडलं की शिक्षकांच्या गटाला ठरावीक मुदतीचा करार देऊन आपल्या पद्धतीनं शिकवू द्यावं. त्याच वर्षी अल्बर्ट शँकर यांनी ती कल्पना उचलून धरली, आणि शँकर कोण, तर अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स या शिक्षकांच्या भल्यामोठ्या युनियनचे अध्यक्ष! आज ज्या युनियन चार्टरच्या विरोधात सगळ्यात पुढे असतात त्यांच्याच एका मोठ्या नेत्यानं हे देशभर नेलं, आणि काही वर्षांनी ते दुसऱ्याच दिशेनं चाललंय असं वाटल्यावर त्यांनीच पाठ फिरवली. पहिला कायदा मिनेसोटानं १९९१ मध्ये केला, पहिली चार्टर शाळा १९९२ मध्ये तिथल्याच सेंट पॉल शहरात उघडली, सिटी अॅकॅडमी, आणि ती हायस्कूलच होती, शाळा सोडलेल्या मुलांसाठी. मॅसॅच्युसेट्सचा कायदा १९९३ चा, पहिल्या शाळा उघडल्या १९९५ मध्ये.

आता या सगळ्यात माझ्या मते मोठी गोष्ट कुठली, तर घर. शहराच्या शाळेला इमारत असते, मैदान असतं, शंभर वर्षांचं नाव असतं, आजोबापण तिथेच शिकलेले असतात. चार्टर शाळेला यातलं काही मिळत नाही. मुलामागे पैसे मिळतात, इमारतीसाठी थोडी रक्कम त्यात धरलेली असते, पण जागा शोधणं, भाडं, कर्ज, डागडुजी हे तुमचं तुम्ही बघायचं. त्यामुळे या शाळा कुठे जुन्या चर्चच्या बंद पडलेल्या शाळेत, कुठे ऑफिसच्या मजल्यावर, कुठे वायएमसीएच्या इमारतीत सुरू झालेल्या दिसतात. जिम नाही, लायब्ररी नाही, कधीकधी स्वयंपाकघरसुद्धा नाही. म्हणजे शाळेला पहिल्या दिवसापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे मागायला जावं लागतं. आणि मागायला गेल्यावर जे "हो" म्हणाले, सत्कार त्यांचा.

त्या संध्याकाळी पहिलं नाव होतं एका केप वर्दी बेकरीवाल्या बाईंचं. (डॉर्चेस्टरमध्ये केप वर्दी या आफ्रिकेजवळच्या बेटांच्या देशातून आलेली खूप माणसं आहेत, फील्ड्स कॉर्नरला व्हिएतनामी, मॅटापानकडे गेलात की हैतीची, रेड लाइन या एकाच मेट्रोवर चार स्टेशनांत चार भाषा ऐकू येतात.) या बाई शाळेतल्या मुलांना संध्याकाळचं काम देतात, पगारी काम. पण सत्काराचं कारण तेवढं नव्हतं. परीक्षेच्या आठवड्यात त्या मुलांना कामावर घेतच नाहीत, आणि त्या आठवड्याचे पैसे कापत नाहीत. हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं, शाळेलाही माहीत नव्हतं, त्यांच्याकडे काम करणाऱ्या एका मुलीनं कॉलेजच्या अर्जासाठी निबंध लिहिला त्यात हे आलं. निबंधात त्या मुलीनं लिहिलेलं की घरात भाडं भरायला तिचेपण पैसे लागतात, त्यामुळे परीक्षा आली की बाकीच्या मैत्रिणी काम सोडायच्या किंवा अभ्यास सोडायच्या, तिला दोन्हीपैकी काही सोडावं लागलं नाही.

इथली एक पद्धत मला फार आवडते. सत्काराच्या वेळी ओळख मुख्याध्यापक करून देत नाहीत, एक मूल करून देतं. त्या माणसानं काय केलं ते त्या मुलानं आपल्या शब्दांत सांगायचं. आपल्याकडे सत्कारमूर्तींचा परिचय कसा असतो, जन्म अमुक साली, अमुक संस्थेचे संचालक, तमुक पुरस्कार, आणि ते वाचणाऱ्याला त्या माणसाशी काही देणंघेणं नसतं. इथे ती मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, यांनी मला अकरावीत दोनदा परीक्षेला बसू दिलं. बस. बाई खाली मान घालून बसल्या होत्या, त्यांना इंग्लिशपेक्षा त्यांची क्रिओल जवळची, पण हे वाक्य कळायला भाषा लागत नव्हती.

दुसरे एक निवृत्त अकाउंटंट. चार्टर शाळेचं विश्वस्त मंडळ असतं आणि ते लोक एक पैसा न घेता काम करतात, वर कायद्यानं त्यांना राज्याचे विशेष कर्मचारी मानतात म्हणून स्वतःच्या पैशाच्या व्यवहारांची माहिती दर वर्षी सरकारला भरून द्यायची, सभा सगळ्या खुल्या, कुणीही येऊन मागे बसावं आणि ऐकावं. हे गृहस्थ कित्येक वर्षं खजिनदार आहेत. मी एकदा अशी एक सभा ऐकायला गेले होते, थंडीचे दिवस, बाहेर बर्फ, आत सात-आठ माणसं आणि टेबलावर बजेट. इमारत गरम ठेवणारा बॉयलर बदलायचा की अजून एक हिवाळा ढकलायचा यावर दीड तास. दीड तास! त्यातला तासभर हे गृहस्थ एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारत होते, की बॉयलरचे पैसे काढले तर रीडिंगची टीचर राहील ना? ती राहणार असेल तरच मी सही करतो. असल्या कामाला टाळ्या मिळत नाहीत. शाळेसाठी कुणी काय केलं विचारलं तर लोक स्कॉलरशिप देणाऱ्याचं नाव घेतील, संगणक देणाऱ्याचं घेतील, बॉयलरवर दीड तास घालवणाऱ्याचं कोण घेणार. म्हणून त्यांचं नाव पुकारल्यावर मला मनापासून बरं वाटलं, आणि ओळख करून द्यायला आलेला मुलगा दहावीतला, त्यानं सांगितलं की हे काका शाळा सुटल्यावर आम्हाला पैशाचं शिकवतात, माझं बँकेत खातं यांनी उघडायला लावलं, आता माझ्या आईचंपण आहे.

तिसऱ्या, शेजारच्या एका हेल्थ सेंटरमधल्या नर्स, त्या अकरावी-बारावीच्या मुलांना आपल्याबरोबर कामाला घेतात. रक्तदाब मोजणं, फायली, पेशंटशी बोलणं. त्यातल्या काही मुली आता नर्सिंगला आहेत.

आणि चौथे, बस ड्रायव्हर. निवृत्त. यांच्याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण मला यांचं काम डोळ्यांनी दिसलेलं आहे. शाळा सुटते त्या कोपऱ्यावर मुलांची मारामारी व्हायची, दुसऱ्या शाळेची मुलं पण त्याच बस स्टॉपवर, कधी चेष्टा, कधी जुनं भांडण, कधी मुलांचा काही संबंध नसताना गल्लीतलं काही. पालक घाबरायचे. मुली तर अॅशमॉन्ट स्टेशनला चालत जाण्यापेक्षा तास-दीड तास शाळेतच थांबायच्या. शाळेनं पोलिसांना सांगून बघितलं, पोलिसांची गाडी उभी राहिली की मुलं अजून बिथरायची. तर हे गृहस्थ, आयुष्यभर याच भागात बस चालवलेली, अर्ध्या मुलांच्या आयांना त्या स्वतः शाळेत जायच्या तेव्हापासून ओळखतात, ते रोज शाळा सुटायच्या वेळी कोपऱ्यावर येऊन उभे राहायला लागले. नुसते उभे. हातात कॉफी. "तू अमक्याचा नातू ना, आजी कशी आहे?" एवढंच विचारायचे. आता मला सांगा, आजीचं नाव घेतलेल्या माणसासमोर मारामारी कशी करणार? हळूहळू त्यांनी आपले दोन-तीन मित्रपण आणले. कोपरा शांत झाला. याला काही खर्च आला नाही, कुठल्या ग्रँटमध्ये हे बसत नाही, आणि शाळेच्या परवान्याच्या अहवालात याच्यासाठी रकानाही नसेल, पण मुली वेळेवर घरी जायला लागल्या.

त्यांना विचारलं होतं मी एकदा, तुम्ही का येता. म्हणाले, मी चाळीस वर्षं ही मुलं आणि यांचे आईबाप इकडून तिकडे पोचवले, आता उतरल्यावर काय होतं ते बघतोय.

डॉर्चेस्टरचा इतिहास माहीत असेल तर हे वाक्य जड वाटतं. १९७४ मध्ये इथल्या फेडरल कोर्टानं निकाल दिला की बॉस्टनच्या शाळा काळ्या आणि गोऱ्या मुलांना वेगळं ठेवतायत, हे थांबवा, आणि मग मुलांना बसमधून एका भागातून दुसऱ्या भागात पाठवायला सुरुवात झाली. साउथ बॉस्टनला काळ्या मुलांच्या बसवर दगड पडले. लहान पोरांच्या बसवर. गोरी कुटुंबं शहर सोडून गेली, बँका या भागात कर्ज देईनात, घरं जळाली, दुकानं बंद पडली. पन्नास वर्षं होऊन गेली तरी इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात "शाळा" आणि "बस" हे शब्द एकत्र आले की आवाज बदलतो. त्या गावात एक बस ड्रायव्हर मुलांसाठी कोपऱ्यावर उभा राहतो याला नुसतं समाजकार्य म्हणून मला तरी सोडून देता येत नाही.

याच काळात कॉडमन स्क्वेअरमध्ये रहिवाशांनी एकत्र येऊन एक हेल्थ सेंटर उभं केलं, १९७० चं दशक, आजूबाजूला सगळं मोडकळीला आलेलं, आणि जागा कुठली तर जुन्या लायब्ररीची इमारत. बिल वॉलझॅक हे त्यातले एक, त्यांनी पुढे कित्येक वर्षं ते सेंटर चालवलं. आणि २००१ मध्ये मेग कॅम्पबेल यांच्या पुढाकारानं कॉडमन अॅकॅडमी ही चार्टर हायस्कूल सुरू झाली ती कुठे, तर त्या हेल्थ सेंटरमध्येच! दवाखाना आणि शाळा एका छपराखाली. विचार असा की मूल आजारी असेल, घरात कुणी आजारी असेल, दात दुखत असेल, मनावर काही असेल, तर बीजगणित कुठून डोक्यात शिरणार. शहरातल्या हंटिंग्टन थिएटर कंपनीनं या मुलांना आपल्या थिएटरात घेतलं, मुलं शाळेचा भाग म्हणून तिथे जाऊन नाटक शिकली. म्हणजे दवाखान्याचं जिम नसलेलं घर, आणि थिएटरचा रंगमंच, आणि त्यातून एक शाळा. या शाळेशी माझा काही संबंध नाही, पण मला चार्टर शाळा म्हणजे काय असू शकतं हे कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देते. कुणीतरी "माझ्याकडे जागा आहे, या" म्हणालं.

मला हे सगळं इतकं ओळखीचं का वाटतं ते साताऱ्याकडच्या लोकांना सांगायला नको. माझे वडील रयतच्या शाळेत शिकले, बोर्डिंगात राहून. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग आलं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवायची, त्या काळात! पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रपण. हे आपण सगळेच शाळेत शिकलोय. पण मला लहानपणापासून त्या गोष्टीतली दुसरी माणसं जास्त जवळची वाटायची, मुष्टिफंडवाली. घराघरातल्या बायका रोजच्या दळणातून नाहीतर भातातून एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवायच्या, बोर्डिंगच्या पोरांसाठी. त्यांची नावं कुठेच नाहीत. त्यांची स्वतःची पोरं बहुतेक शेतावरच होती, शाळेत नव्हती, मुलींना तर पाठवायचा प्रश्नच नव्हता. ज्या शाळेत आपलं कुणी नाही त्या शाळेला रोज एक मूठ. माझे वडील असल्या मुठींवर शिकले आणि म्हणून मी शिकले, म्हणून मी इथे बॉस्टनला बसून हे टाइप करतेय, यात अतिशयोक्ती काही नाही, सरळ हिशेब आहे.

आमच्या गावच्या हायस्कूलला वर्गाच्या दारांवर संगमरवरी पाट्या आहेत, कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, रुपये पाचशे एक. लहानपणी आम्ही त्या पाट्या वाचून वाचून पाठ केलेल्या, कोण होते हे लोक ते माहीत नसायचं. एकदा मराठीच्या बाईंनी ऑफ तासाला अख्ख्या वर्गाला बाहेर काढून एकेक पाटी समजावून सांगितली, हे वाणी होते, यांचं दुकान तिकडे होतं, यांना मूल नव्हतं म्हणून यांनी खोली बांधली, ही बाई विधवा होती, हिनं शेत विकलं. त्या दिवसानंतर तो वर्ग वेगळाच दिसायला लागला. ओळख करून देणारं कुणी लागतं. म्हणून त्या जेवणाला मुलं उठून एकेकाची ओळख करून देत होती तेव्हा माझ्या मनात आलं की हेच पाहिजे, मुलांना कळलं पाहिजे की आपल्या मागे कोण उभं आहे, आणि जे उभे आहेत त्यांनाही कळलं पाहिजे की पोरांना दिसतंय.

आता दुसरी बाजू. ती लिहिल्याशिवाय हे लिहिणं खोटं होईल. माझी एक जवळची मैत्रीण बॉस्टनच्या शहराच्या शाळेत, म्हणजे चार्टर नसलेल्या, शिक्षिका आहे. मी या जेवणाबद्दल बोलायला लागले की ती गप्प होते. तिचं म्हणणं साधं आहे, मूल चार्टरला गेलं की त्याच्या मागचे पैसे पण जातात, राज्य त्यातले काही काही वर्षं भरून देतं पण सगळे नाही, आणि आमच्या वर्गात तीस मुलांतली चार गेली म्हणून माझा पगार, वीज, नर्स यातलं काही चार मुलांएवढं कमी होत नाही. आणि सगळ्यात अवघड मुलं, ज्यांना खूप मदत लागते, जी वर्षाच्या मधेच परदेशातून येतात, ती कुठे येतात? माझ्याकडे येतात. तिचं बरोबर आहे. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये या राज्यात यावरच मतदान झालं, वर्षाला आणखी बारापर्यंत चार्टर शाळांना परवानगी द्यावी का, आणि दोन्ही बाजूंनी मिळून चार कोटी डॉलरच्या वर खर्च केला प्रचारावर. लोकांनी नाही म्हटलं, साधारण ६२ टक्के विरुद्ध ३८. घराघरांत भांडणं झाली. चर्चमध्ये पण शेजारी शेजारी बसणारे दोन बाजूंना होते.

चार्टर शाळा चांगल्या की वाईट यावर सरसकट काही बोलता येत नाही हे आकडेच सांगतात. स्टॅनफर्डच्या क्रेडो या केंद्रानं २००९ मध्ये अनेक राज्यांतल्या चार्टर शाळा तपासल्या तेव्हा गणितात १७ टक्के शाळा आसपासच्या शाळांपेक्षा सरस निघाल्या, ३७ टक्के मागे, बाकीच्यांत फरकच नाही. आणि त्याच केंद्राच्या २०१३ च्या मॅसॅच्युसेट्सच्या अहवालात बॉस्टनच्या चार्टर शाळांमधली मुलं एका वर्षात वाचन आणि गणितात निदान एका जादा वर्षाएवढी पुढे गेलेली दिसली. दोन्ही खरं. म्हणजे परवान्यात जादू नाही. शाळा कोण चालवतं, कोण तपासतं, आणि कोण तिच्या आजूबाजूला उभं राहतं यावर सगळं आहे.

मैत्रिणीला मी एवढंच म्हटलं की बेकरीवाल्या बाई कामावर घेताना तू कुठल्या शाळेतली विचारत नाहीत. आणि कोपऱ्यावरचे आजोबा तर दोन्ही शाळांच्या मुलांच्या आज्यांची नावं घेतात, नाहीतर मारामारी थांबलीच नसती. ती म्हणाली मग त्यांचा सत्कार आमच्या शाळेनंपण करायला हवा. मला ते इतकं पटलं! खरंच करायला हवा. एका माणसाचा दोन शाळांनी सत्कार करावा, त्यात काय बिघडलं.

आणि हे लिहिता लिहिता आपल्या लोकांबद्दल पण थोडं. बॉस्टनच्या आसपासची आपली मराठी मंडळी बहुतेक अॅक्टन, लेक्सिंग्टन, वेस्टबरो, श्रूसबरी असल्या गावांत राहतात आणि का राहतात तर शाळांसाठी. घर बघायला गेलो की आधी शाळेचं रेटिंग. इथे शाळा बऱ्याच अंशी गावच्या घरपट्टीवर चालते, म्हणजे महाग घरांच्या गावाची शाळा चांगली, आणि आपण ती शाळा घराच्या किमतीत विकत घेतो. यात चूक कुणाची काढत नाहीये, प्रत्येक आईबाप आपल्या पोराचं बघणारच. पण डॉर्चेस्टरच्या आईला ती किंमत परवडत नाही, तिला लॉटरीच्या चिठ्ठीची वाट बघावी लागते, आणि वर्षाचे ते दिवस मी बघितलेत, नाव लागलं नाही म्हणून फोन धरून रडणारी आई बघितलीय. आपल्या गावची शाळा चांगली असली की आपलं काम संपलं असं होऊ नये एवढंच मला वाटतं. मराठी मंडळात मी हे बोलले तेव्हा एक-दोघांनी विचारलं, आपण काय करू शकतो, चेक पाठवू का. पाठवा, चेक लागतातच, बॉयलर चेकनंच बदलतो. पण शाळेला त्याहून जास्त काय हवंय ते पण सांगते. बारावीच्या मुलांची मुलाखतीची तयारी करून घेणारं कुणी, महिन्यातून एक संध्याकाळ. आपल्या ऑफिसमध्ये एका मुलाला उन्हाळ्यात दोन महिने बसवून घेणारं कुणी, आणि त्याला नुसतं फोटोकॉपीला न लावता खरं काम देणारं. फायनान्स कळणारं कुणी, जे विश्वस्त मंडळात बसून बजेट वाचेल, कारण आमचे खजिनदार आता थकलेत आणि जागा रिकामी होणार आहे. डॉर्चेस्टर लेक्सिंग्टनपासून लांब वाटतं, पण तासाभराचा रस्ता, आपण गणपतीला याहून लांब जातो.

मंडळातल्या एका काकांनी नंतर मला बाजूला घेऊन विचारलं की त्या मुलांना आपलं ऐकायला आवडेल का, आपला उच्चार वेगळा, आपण त्यांच्यातले नाही. मी म्हटलं काका, त्या वर्गात केप वर्दीचे, हैतीचे, व्हिएतनामचे, सोमालियाचे सगळे आहेत, अर्ध्यांच्या घरी इंग्लिश बोलत नाहीत, तुमचा उच्चार त्यांना त्यांच्या वडिलांसारखा वाटेल. काका स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत, निवृत्त. वसंतापासून शनिवारी येतायत. भूमितीत त्यांचा हात कुणी धरू शकत नाही, आणि पोरं त्यांना "काका"च म्हणतात, मी सांगितलं नव्हतं, काकांनी स्वतःच सांगितलं.

पुढच्या वर्षीच्या सत्कारासाठी नावं मागवायला सुरुवात झालीय. कुणीही नाव सुचवू शकतं, मुलं, पालक, शिक्षक, माझ्यासारखे शनिवारवाले. मी यंदा एका लॉन्ड्रोमॅटवाल्याचं नाव दिलंय. त्याच्या दुकानात मागच्या भिंतीला एक लांब टेबल आणि चांगला दिवा आहे, वायफाय आहे, आणि कपडे धुवायला आलेल्या घरातली मुलं तिथे बसून गृहपाठ करतात, कपडे वाळून झाले तरी तो कुणाला उठवत नाही. त्याची ओळख करून द्यायला कुठलं मूल उभं राहील हे अजून ठरलेलं नाही, तीन जणांनी आधीच हात वर केलाय.